गळ्यातली चेन आणि दातांच्या तारा

माझ्या नातीचे पुढचे दात बाहेर आहेत. माझेही आहेत. त्याच दातांनी मी जन्मभर बाजारात मासळी विकली, कुणाचं काही अडलं नाही. पण नातीला स्थळ आलं आणि होणारी सासू म्हणाली, "पोरगी झकास हाय. फक्त दात तेवढे आत घ्या, फोटोत लय दिसतात." पाटीतलं नासकं निवडून काढा म्हणावं, तसं म्हणाली.

साखरपुड्यात त्यांनी तिच्या गळ्यात जाड चेन घातली. सोन्याची म्हणून. थोड्याच दिवसांत तिची मान लाल झाली, पुरळ उठलं, खाजवून खाजवून पाणी सुटलं.

मी सुनेला म्हणाले, "काढ ती चेन."

"आई, गप बसा. सासरचं सोनं उतरवलं तर गाव काय बोलेल?"

आमच्याकडे लग्नाआधी ते सोनं उतरलं की लग्न मोडलं, असंच धरतात. मग चेन राहिली आणि वरून पावडर लागली.

त्यानंतर बोईसरला नेऊन दातांना तारा बसवल्या. लगेच ओठ सुजले. गालांच्या आत फोड आले, हिरड्या लालभडक झाल्या, तोंडाचे कोपरे फाटले. घरात निकाल लागला : उष्णता. बोंबील बंद, जवळा बंद. आमच्या नवापुरात दारात बोंबील वाळतायत आणि पोरगी आत बसून गार दूध-भात गिळतेय. शेजारीण विचारायची, "काय गं आजी, नात माळकरी झाली काय?" पोरगी वाळत चालली. आणि लग्नापर्यंत दात आत गेलेच पाहिजेत, म्हणून तारा काढायचं नाव कुणी काढेना.

दातांच्या डॉक्टरणीने सुनेला सरळ विचारलं होतं, "खोटे दागिने घातले की हिच्या अंगावर उठतं का?"

सून म्हणाली, "नाय ओ. आमी सोन्याशिवाय काय घालतच नाय तिला."

डॉक्टरणीने मलम दिलं. तिने तरी काय करावं? घरचीच माणसं तोंडावर खोटं बोलत होती, तेही व्याह्यांची अब्रू झाकायला.

पुढच्या खेपेला सून बाजारात होती, म्हणून मी गेले. डॉक्टरणीने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी नातीची ओढणी बाजूला केली आणि चेन उचलून खालची काळी पडलेली मान दाखवली.

"हे सोनं म्हणून दिलंय. सोन्याने मान अशी होते काय?"

डॉक्टरणीने पालघरला कातडीच्या डॉक्टरकडे पाठवलं. काय सोसत नाही ते बघायला त्यांनी पाठीवर वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या चिकटवल्या. निकेलची पट्टी होती तिथेच लाल चकंदळ उठलं. खोट्या दागिन्यात निकेल असतं, दातांच्या तारेतही असतं, आणि ते हिला सोसत नाही. मासळीचा काही संबंध नव्हता.

तारा काढल्या, चेनही काढली. तोंड बरं झालं. डॉक्टरणी म्हणाली, निकेल नसलेल्या तारा आणि दातांवर चिकटवायच्या पांढऱ्या चकत्या मिळतात, त्या लावू.

पण तोवर बातमी पोचली होती. व्याही दारात येऊन उभे राहिले. "आमच्या सोन्याला खोटं म्हणता? दोष तुमच्या पोरीच्या रक्तात हाय." माझ्या मुलाने हात जोडले. मी म्हणाले, "चला सोनाराकडे, आत्ताच." त्यावर कुणीच हललं नाही, माझा मुलगासुद्धा.

लग्न मोडलं. सुनेने चेन घासूनपुसून रुमालात बांधली आणि परत दिली. विहिणीने रुमाल आमच्यासमोर सोडला, चेन हातावर तोलून पाहिली, फासा तपासला आणि मग पदराच्या गाठीत बांधली. खऱ्या सोन्याला करतात तसं सगळं केलं.

दुसऱ्या तारांचं मी मुलाकडे काढलं, तर तो म्हणाला, "आता कोणासाठी आये? तूच तोंड उघडलंस ना तिथं?"

नातही शेजारी जेवत होती. बोंबलाचा काटा काढून तिने ताटाच्या कडेला ठेवला आणि बापाकडे न बघता म्हणाली, "आजीचं राहू दे, बाबा. माझं तोंड कुजत होतं तवा तुमी कुठं उघडलंत?"

तो ताटावरून उठून गेला. मी तिला अजून एक बोंबील वाढला.