भिंतीवरच्या सात काचा

तुम्ही स्वतःच्या घरात शेवटचं मोकळेपणानं कधी शिंकलात?

आठवत नाही ना? कशाला आठवेल! शिंक आली, शिंकलात, नाक पुसलंत, विषय संपला. आमच्या गल्लीत एक माणूस आहे, ज्यानं अकरा महिने प्रत्येक शिंक उशीत तोंड खुपसून काढली. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होता. त्याची ‘पुढे सरका’ ही आरोळी इंजिनाच्या आवाजावरून पार ड्रायव्हरच्या कानात जायची. आणि त्याच्या तोंडावर उशी धरायला धावायची कोण, तर त्याची बायको.

ही गोष्ट त्या बायकोची. गल्ली त्यांना काजकाकू म्हणते. शर्ट शिवणारे शिंपी शर्ट शिवतात आणि काज-बटणांसाठी गठ्ठे बांधून काकूंकडे पाठवतात. शिवाय काकूंचं पायमशीन आहे, त्यावर उसवलेलं, फाटलेलं, घट्ट झालेलं असं सगळं सरळ होतं. म्हणजे, व्हायचं.

भूकंपात आमची गल्ली पडली नाही, आणि तिथेच सगळी पंचाईत झाली. दीड-दोनशे वर्षांची घरं, दगड, चुना आणि लाकडाची. ती नुसती तडकली आणि उभी राहिली. नगरपालिका म्हणाली, धोकादायक आहेत, पाडा. आम्ही म्हणालो, हात लावून तर बघा. आम्ही म्हणजे गल्लीची समिती, आणि समिती म्हणजे बहुतेक वेळा माझं तोंड. महिनाभर नगरपालिकेच्या पायरीवर ठाण मांडून आम्ही त्यांच्या इंजिनीअरसाहेबांकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. प्रत्येक तड्यावर काचेची अरुंद पट्टी आडवी चिकटवायची. एक टोक तड्याच्या अलीकडे, एक पलीकडे. भिंत हलली तर काच फुटेल. वर्षभर काच शाबूत राहिली तर घराला दुरुस्तीची परवानगी मिळणार, आणि मग अख्खी गल्ली मिळून ते घर उभं करणार, चुना भिजवण्यापासून दाराला तेलपाणी करण्यापर्यंत. फुटली तर दारावर लाल फुली, म्हणजे आठ दिवसांत घर जमीनदोस्त. तीन घरं तशी गेली. तिथे आता भटकी कुत्री झोपतात.

पट्ट्या मी स्वतः कापल्या. शाळेच्या पडलेल्या खिडक्यांची हिरवट जाड काच होती, तिच्यातून. प्रत्येकीवर तारीख घातली. काकूंच्या मधल्या खोलीत सात लागल्या. त्या खोलीची लांब भिंत म्हणजे गल्लीचा दागिना. गिलाव्यावर हातानं रंगवलेली वेलबुट्टी, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, पानापानावर वेगळा पक्षी. तिच्याच जोरावर आम्ही घर जुन्या वास्तूंच्या यादीत घातलं होतं. काच लावताना आमचे गवंडीबाबा म्हणाले, “आधी गिलावा खरवड. काच दगडाला लाव.”

मी म्हणाले, “या नक्षीला नख लावलंत तर माझ्याशी गाठ आहे!”

“बरं बाई. राज्य तुमचं, भिंतही तुमची.” त्यांनी थापी उचलली आणि गेले. परत समितीच्या कामाला आले नाहीत. मीही बोलवायला गेले नाही. मला कुणाच्या पाया पडायची सवय नाही.

त्या दिवसापासून काजकाकू त्या घरात अडकल्या.

पहिल्यांदा मशीन बंद झालं. ते त्याच भिंतीला लागून होतं. पाय मारला की जमीन थरथरते, जमीन थरथरली की भिंत, भिंत थरथरली की काच, हा हिशोब काकूंनी कुणाला न विचारता मांडला. मशीनवर चादर पडली. मग दारांच्या चौकटीत चिंध्या कोंबल्या गेल्या, म्हणजे आपटायला नको. खलबत्ता माळ्यावर गेला. घरात अनवाणी चालायचं. भांडं खाली ठेवायचं तर आधी फडकं, मग भांडं. कुणी आलं की काकू ओठावर बोट ठेवूनच दार उघडायच्या. शेजारची एकदा म्हणाली, “काय काकू, घरात बाळ झोपलंय का?” काकू हसल्या नाहीत. “हो, सात,” म्हणाल्या.

मुलगी लांबच्या शहरात असते. दर आठवड्याला तिचा फोन. “आई, इकडे ये ना. निदान महिनाभर.”

“घर कसं सोडू गं? बाबा एकटे. विसरून दार आपटलं तर?”

“मग बाबांनाही आण.”

“आणि मागे कुणी आत आलं नि आपटलं तर?”

असं करत करत काकू कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जाईनाशा झाल्या. शिंप्याचे गठ्ठे कमी झाले, मग बंदच. हातानं जेवढी काजं होतील तेवढी करत त्या भिंतीसमोर बसायच्या. तोंड भिंतीकडे, पाठ खिडकीकडे. मी दर महिन्याला काचा तपासायला जायचे, वहीत सही करायचे, ‘शाब्बास काकू’ म्हणायचे आणि निघायचे. निघताना दार त्याच लावून घ्यायच्या, दोन्ही हातांनी, झोपलेल्या लेकराला पांघरूण घालावं तसं. मला वाटायचं, काय नेटकी बाई आहे! एवढं रान पेटवणारी मी, मला बाईच्या चेहऱ्यावरचं दिसलं नाही.

अकराव्या महिन्यात गेले तेव्हा ऊन खोलीत तिरपं आलं होतं. सहा काचा हिरव्या चमकत होत्या. चौथी पांढरी होती, पाण्यासारखी स्वच्छ. कडा पण बारीक. तारीख मी घातली होती तीच, पण शाई ताजी. मी वळून पाहिलं. समोर काका-काकूंचा लग्नातला फोटो. चौकट होती, काच नव्हती. काकांच्या मिशीवर धूळ बसली होती.

“काकू,” मी म्हटलं, “फोटोची काच कुठे गेली?”

काकूंच्या हातातली सुई थांबली.

“पुसताना फुटली.”

“आणि ही चौथी कुठून आली?”

मागून काका बोलले, आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या खऱ्या आवाजात. “मी शिंकलो!”

“अहो हळू!” काकू किंचाळल्या, तेही कुजबुजून.

“हळू गेलं खड्ड्यात! चौथ्या महिन्यात उशीत शिंकलो, तरी त्याच दिवशी फुटली. हिनं फोटोची काच काढून लावली. पुन्हा फुटली तर पारा खरवडून आरशाची. आता ही कपाटावरच्या दुसऱ्या फोटोची. आता सांग तुझ्या साहेबांना. बांध मला.”

काकूंनी बटणांचा डबा उघडला. बटणांच्या खाली, कापसात गुंडाळलेले, सगळे तुकडे जपून ठेवलेले होते. पुरावा कुणी असा सांभाळतं का? पण त्यांच्याच्यानं टाकवले नव्हते.

माझं डोकं सणकलं. “तुम्हाला कळतंय का काय केलंत? बाकीच्या घरांच्या काचा खऱ्या कोण मानणार आता? गल्लीनं एकेक काच जिवापाड जपली, आणि तुम्ही...”

“ओरड,” काकू म्हणाल्या. “ओरड हवी तेवढी. पण भिंतीपासून लांब उभी राहून ओरड.”

मी खरंच दोन पावलं मागे सरकले.

“सही कर आणि जा,” त्या म्हणाल्या. “एकच महिना राहिलाय.”

“आणि भिंत खरंच हलत असेल तर? तुमच्या अंगावर पडली तर?”

“आमच्या पडेल. तुझ्या नाही.”

“काकू!”

“मग लाल फुली मार. जा. या घरात मी सून म्हणून आले, त्याला आता पस्तीस वर्षं झाली. फुली मारल्यावर कुठे जाऊ ते सांग, म्हणजे तिकडचा पत्ता शिंप्याला देते.”

दगडाखाली हात सापडला म्हणतात, तो हा असा. सही केली तर दोन माणसं कदाचित भिंतीखाली. नाही केली तर दोन माणसं रस्त्यावर. वही मिटली आणि सरळ गवंडीबाबांच्या दारात गेले. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं, ते सांगत नाही.

बाबा अंगणात चाळणीनं चुना चाळत होते. वर पाहिलं नाही.

“पुढारीणबाई! वाट चुकलात?”

“बाबा, चला. काजकाकूंच्या काचा फुटतायत.”

“फुटणारच.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“मी तोंडानं सांगितलं होतं, कानात तुमच्या गेलं नाही. त्यात माझा काय दोष?” पण चाळणी ठेवली आणि उठले.

बाबांनी भिंतीवर बोटाच्या पेरानं वाजवलं. वेलीवर, काचांच्या आजूबाजूला, ढब, ढब, ढब. मग दाराजवळ, जिथे भूकंपात गिलावा गळून दगड उघडा पडला होता तिथे. टक. पुन्हा वेलीवर. ढब.

“ऐकलंत? गिलावा दगडापासून सुटलाय. नुसता अडकून उभा आहे. हवेत ओल आली की फुगतो, ऊन पडलं की आखडतो. तुमच्या काचा त्याला चिकटवल्यात. भिंतीला एकही नाही.”

मला कळायच्या आधी काकूंना कळलं. “म्हणजे अस्तर सुटलंय,” त्या म्हणाल्या. “कोट उसवतोय का बघायचं, आणि हिनं टाके अस्तराला घातले.”

“बरोबर.”

“अकरा महिने.”

“अकरा महिने.”

काका पुढे आले. “म्हणजे माझी शिंक...?”

“अरे, तुझ्या शिंकेनं भिंत पडत असती तर नगरपालिकेनं तुलाच नेलं असतं पाडकामाला. यंत्राचा खर्च वाचला असता.”

काका हसले, मोठ्यानं. आणि मग एकदम रडले. काकू मात्र भिंतीकडे बघत राहिल्या. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

वेलबुट्टीला जपायचं म्हणून मी बाबांना हाकललं होतं, आणि त्या वेलीनं एका बाईला खोलीत बांधून घातलं. हे मी इंजिनीअरसाहेबांना लिहून दिलं, समितीच्या शिक्क्यासकट. काचा बदलल्याचंही लिहिलं. साहेबांनी दोनदा वाचलं. “तुमच्याकडून असं पत्र येईल असं वाटलं नव्हतं,” म्हणाले. मी म्हटलं, “फ्रेम करून लावा.” ते स्वतः येऊन भिंत वाजवून गेले. तड्यावर दगडाला कधी काच लागलीच नव्हती, म्हणून नवी तारीख दिली. पुन्हा एक वर्ष. एक अट घातली: घर रोजच्यासारखं वापरात हवं. श्वास रोखून बसलेल्या घरातली काच काही सांगत नाही.

सात ठिकाणी तळहाताएवढी वेल मी माझ्या हातानं खरवडली. पहिल्या पक्ष्यापाशी माझा हात अडला. काकू म्हणाल्या, “खरवड गं. थांबू नकोस.” खाली दगड निघाला, दगडात तडा होता, केसापेक्षा थोडा जाड. तो जुना की नवा, हलतोय की झोपलाय, ते बाबांनाही सांगता येईना. “भिंत सांगेल. घाई नाही तिला.”

सातही ठिकाणी दगडाला नव्या काचा लावल्या, मग मशीनवरची चादर काढली. तेल दिलं. काकू बसल्या, कापड सुईखाली घातलं, पाय उचलून लोखंडी जाळीवर ठेवला. आणि तसाच राहिला. आम्ही तिघं उभे.

“पाय दबतच नाही,” त्या म्हणाल्या. “दाबते आहे गं मी. पण दबत नाही.”

बाबांनी शेजारी उभं राहून जमिनीवर टाच आपटली. धप. काकूंचं सगळं अंग आक्रसलं. काच हलली नाही. पुन्हा धप. मग काकांनी आपटली, मग मी. चौथ्या-पाचव्या धपला मशीन एकदाच खडखडलं आणि थांबलं.

याला तीन महिने झाले. सातही काचा शाबूत आहेत. भिंत टिकेल का, मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी आता आणत नाही. पण काकू अजून बाहेर पडलेल्या नाहीत. मुलीचा फोन येतो, काकू ‘पुढच्या महिन्यात’ म्हणतात. चौकटीतल्या चिंध्या काढल्या आहेत, तरी दार त्या दोन्ही हातांनीच लावतात. काकांच्या कुशीत उशी असतेच. मशीन चालतं, पण घरात तिसरं कुणी असेल तरच. माणूस उठून गेलं की पाय थांबतो आणि तोंड भिंतीकडे वळतं. समिती पाळ्या लावून बसते, पण आम्ही किती पुरणार? आमच्याकडे फाटलेलं फार काही उरलेलंही नाही.

तेव्हा ऐका. तुमच्या घरात एखादा शर्ट असेल बटण तुटलेला, एखादी उशीची खोळ उसवलेली, मुलांची आखूड झालेली पँट असेल, तर ती घ्या आणि काजकाकूंकडे या. वेलबुट्टीची भिंत ज्या घरात आहे ते, कुणीही दाखवेल. काम होईपर्यंत समोर बसा. मोठ्यानं बोला. शिंक आली तर शिंका. आणि उठून निघाल ना, तेव्हा माझ्यासाठी एवढं करा: दार काकूंच्या हातात देऊ नका. स्वतः ओढा, आणि चांगलं धाडकन लावा.