भावाची खुर्ची

इथे अमेरिकेत, एडिसनच्या आमच्या मराठी मंडळात मी गणपतीत ढोलकी वाजवायचो, तिथून मास्तरांनी मला उचललं. मास्तर म्हणजे त्रिनिदादहून आलेले, ऐंशीच्या घरातले, ट्रंपेट वाजवणारे बँडप्रमुख. कॅलिप्सो, मेरेंगे अशी तिकडच्या बेटांवरची नाचगाणी आणि मजूर म्हणून तिथे गेलेल्या आपल्या पणजोबांची भोजपुरी गाणी एकत्र कालवून त्यांनी आयुष्यभर लोकांना नाचवलं. माझी बायको म्हणायची, "अहो, रिटायर झालात आणि आता वीकेंडला ड्राइव्ह करत कुठे जाता, तर बँडमध्ये!"

पहिल्याच तालमीत मी घोळ घातला. मास्तरांच्या डाव्या हाताला एक रिकामी खुर्ची असायची आणि तिच्यापुढे स्टीलपॅन, म्हणजे तेलाच्या पिंपापासून घडवलेलं वाद्य. ते त्यांच्या वारलेल्या भावाचं. प्रत्येक गाण्यात भावाच्या सोलोची जागा आली की सगळे सूर थांबत, नुसता ठेका चालू राही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. लावणीत हात घडलेला माणूस मी. मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात. दणकून तिहाई घेतली. मास्तर ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "मध्ये बोलू नका. तो वाजवतोय." आणि खुर्चीकडे बघून मान डोलावत राहिले. एकदा तर "आज घाई करतोयस" म्हणून त्याला दटावलंसुद्धा. माझ्या अंगावर काटा आला. बाकीचे मात्र निवांत होते. म्हातारा सटकलाय, असं मी घरी येऊन सांगितलं. पण पुढे पुढे त्या जागेत मीही हात हलका ठेवू लागलो, ऐकताना अडथळा नको म्हणून. कुणाला, ते विचारू नका.

गेल्या उन्हाळ्यात मास्तर विसरायला लागले. आधी गाण्यांची नावं, मग घराचा रस्ता. बँडची सगळी व्यवस्था त्यांची मुलगी बघते. तिने आम्हाला स्पष्ट सांगितलं, की पार्कमधल्या कार्यक्रमात ते अडखळले, तर बँड बंद. लोकांसमोर त्यांचं हसं झालेलं तिला बघवणार नव्हतं. आणि बँड बंद झाला तर मास्तर फार दिवस काढणार नाहीत, याची आम्हाला धास्ती होती.

भर दुपारी, शेवटच्या गाण्यात ते थांबलेच. ट्रंपेट छातीशी, डोळे कोरे. आम्ही तोच ठेका फिरवत राहिलो. मग मास्तर खुर्चीकडे वळले, कान दिला, आणि पुढची ओळ अचूक उचलली. मी पाहिलं, पॅनचा पत्रा थरथरत होता. माझ्याच ढोलकीने असेल. लोक नाचत होते, त्यांना काहीच कळलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मुलीने मला मिठी मारली. "अंकल, वाचलो आपण!"

मास्तर व्हॅनपाशी उभे होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "तो पॅनवाला कोण होता हो? फार सुंदर वाजवतो. मी पार हरवलो होतो, त्याने वाट दाखवली. नाव विचारून घ्या त्याचं, आपल्याकडे घेऊ."

मुलगी माझ्या मागेच होती, तिने सगळं ऐकलं.

"विचारते हं, बाबा," ती म्हणाली. मग त्यांच्या हातातलं ट्रंपेट हळूच काढून घेतलं, पेटीत ठेवलं आणि कडी लावली.