आष्ट्याचं एकमत

तात्यासाहेबांबरोबर गावोगाव हिंडलं की दुसरं काही मिळो न मिळो, किस्से मात्र पोतंभर मिळतात. तात्यासाहेब म्हणजे आमच्या सांगलीच्या कॉलेजातले वयोवृद्ध प्रोफेसर. गावाकडच्या बायका ‘चांगला आवाज’ कशाला म्हणतात, हे त्यांना शोधायचं होतं. मदतीला आम्ही दोघी विद्यार्थिनी, मी आणि मालती. पुण्याच्या सभेत निबंध वाचायला तात्यासाहेबांबरोबर आम्हा दोघींतली एकच जाणार होती. ती मीच, हे मी ठरवून टाकलं होतं!

*

कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून काळेठिक्कर होऊन आष्ट्याला उतरलो. तात्यासाहेबांनी बायकांना विचारलं, “गोड आवाज तोच चांगला, नाही का?”

“व्हय,” सगळ्या म्हणाल्या.

“एकमत!” तात्यासाहेब खूश.

मी एका मावशींना बाजूला घेतलं. “खरंच असं वाटतं?”

“पाव्हन्याला तोंडावर न्हाई कसं म्हनायचं, बाई?”

मी हे तात्यासाहेबांना सांगितलं. “उगाच फाटे फोडू नकोस!” ते म्हणाले. संध्याकाळी मालतीनं तेच हळू आवाजात सांगितलं. “वा! किती मार्मिक!”

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘नाही का?’ सुरूच!

*

पलूसला त्यांनी बायकांना चावडीत बसवून जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगितल्या. समोर पाटील, मिशीला पीळ देत! कुणाच्या तोंडून सूर निघेना. शेवटी एक म्हातारी म्हणाली, “आवं, जातं न्हाई, तर गळा कसा फिरंल?”

मालती तिच्या घरी गेली, जात्याचा खुंटा धरला आणि ओव्यांची रास लागली. मालती मळ्यातली, दळणाची सवय असलेली. मी बसले तर पीठ कमी, भरडा जास्त!

“शिक तिच्याकडून,” तात्यासाहेब म्हणाले. त्या पिठाची भाकरी मला घशाखाली उतरेना.

*

शिराळ्यात घोगऱ्या आवाजाच्या एका बाईला त्यांनी हातानंच थांबवलं. “आवाज बसलाय. पुढची!”

“लग्नाच्या गाण्यांना गावात आधी हिलाच बोलावतात, बायकाच सांगत होत्या,” मी म्हटलं.

“त्यांना गाण्यातलं काय कळतं?”

“मग आपण त्यांना विचारायला कशाला आलो?”

“मालती बघ, कशी गप्प असते!”

*

परतीला पुन्हा आष्टा. पुण्याला कोण जाणार, ते अजून ठरत नव्हतं. तात्यासाहेबांनी बायकांनाच विचारलं, “मालतीला पाठवावं, नाही का?”

“व्हय!”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. “असं विचारायचं नसतं, तात्यासाहेब! आता बघा. मावशी, मला पाठवावं, नाही का?”

“व्हय!”

तात्यासाहेब गोंधळले. तेवढ्यात मालती पदर सावरत पुढं झाली. तिनं जे विचारलं ते मला का सुचलं नाही, ही जळजळ अजून गेलेली नाही!

“मावशी, आमी दोगींनी पुन्याला जावं आन् तात्यासायबांनी घरी बसावं, न्हाई का?”

“व्हय वं बाई! लय बरं हुईल!”