काकाच्या बॅगेची दोरी

भिवंडी तालुक्यात डोळे उघडे ठेवून चालणारा माणूस एकच होता आणि तो म्हणजे माझा धाकटा काका. बाकी आम्ही सगळे सवयीने चालतो. हे मी वाढवून सांगते आहे असं कुणाला वाटेल, पण मस्कतहून आला त्याच आठवड्यात आमच्या पूर्णा गावच्या नाक्यावर काका रस्ता ओलांडायला उभा राहिला, तो उभाच राहिला. गाड्या थांबतील, मग आपण जाऊ, असं त्याच्या मनात होतं. गोदामांचे ट्रेलर एकामागून एक जात राहिले. काका हातात दुधाची पिशवी घेऊन पांढऱ्या पट्ट्यांपाशी, म्हणजे जिथे कधीकाळी पांढरे पट्टे होते तिथे, शांतपणे वाट बघत होता. शेवटी एका रिक्षावाल्याला दया आली. त्याने विचारलं, "चाचा, किधर जाना है?" काकाने समोर बोट दाखवलं, "उधर." रिक्षावाला म्हणाला, "बैठो." काका रिक्षात बसून रस्त्याच्या पलीकडे उतरला आणि घरी येऊन म्हणाला, "हितं रस्ता वलांडायला पन गाडी करावी लागते."

आम्ही पोट धरून हसलो. काकी मात्र हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग कपाटावर बघितलं. कपाटावर काकाची बॅग होती. मस्कतहून येणारी माणसं बॅगेला नायलॉनची जाड दोरी करकचून बांधून आणतात, विमानात बॅग फुटू नये म्हणून. आल्यावर ती दोरी कापून टाकतात. काकाने कापली नव्हती. गाठी सोडवून, नीट गुंडाळी करून बॅगेवर ठेवली होती.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. काका तिकडे एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. तो गेला तेव्हा आमच्या गावात भात पिकत होता. तो गेल्यावर भाताच्या जागी गोदामं आली, म्हणजे जे काम करायला तो समुद्रापलीकडे गेला तेच काम त्याच्या मागून गावात येऊन बसलं. मधल्या वर्षांत तो सुट्टीवर यायचा, पण त्या सुट्ट्या लग्नाहळदींत संपून जायच्या. या खेपेला त्याचा करार संपला होता. मस्कतला परत यायचं की नाही ते महिनाअखेरीपर्यंत कळव, असं कंपनीने सांगितलं होतं. काकीने विचारलं की तो "बघू" म्हणायचा. काकी मला म्हणाली, "बाय, त्या दोरीवर लक्ष ठेव. दोरी खाली आली का समज, मानूस चालला."

त्यामुळे काकाने तक्रार केली की आम्ही आधी कपाटावर बघायचो. आणि तक्रारी तर उंबऱ्यापासून सुरू झाल्या होत्या. अंगणातल्या कपड्यांच्या दोरीला झोल पडलेला, तिच्यावरची ओली चादर त्याच्या तोंडावर बसली, ही पहिली. मग भिंतीवरचं घड्याळ. ते दहा मिनिटं पुढे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकाने विचारलं, "मंग बरोबर का न्हाय करत?" बाबा म्हणाले, "बरोबर केलं तर उशीर होईल." काकाने मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग पुन्हा भिंतीवरचं. वडापावच्या गाडीवर तो पुढच्या माणसापासून हातभर अंतर ठेवून उभा राहायचा आणि त्या हातभर जागेत तीन माणसं येऊन स्थिरावायची. हवेला डिझेलचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, हेही त्यानेच सांगितलं. आम्हाला तो कधी आलाच नव्हता. चांगलं काही दिसलं तरी त्याचा सूर तक्रारीचाच. "खारबावला जायला रिक्षात बसलो, तर शेजारच्यानं विचारलं, कुनाचा तू. मी सांगितलं तं तो म्हनतो, तुजी आई बाजारात भाजी लय चांगली द्यायची. तिकडं ज्याच्याबरोबर एका खोलीत राहिलो त्याला माझ्या आईचं नाव पन ठाव न्हाय. आनि हितं हे असं." हे 'असं' म्हणजे बरं की वाईट, ते आम्हाला कळेना. काकीने ते वाईटातच धरलं.

मग काकीने मोहीम काढली. वाईट काही दिसलंच नाही तर माणूस कशाला जाईल, असा तिचा साधा हिशोब होता, आणि खरं सांगते, तेव्हा तो मलाही पटला. घड्याळ बरोबर केलं. त्या आठवड्यात माझी कॉलेजची एसटी दोनदा चुकली आणि बाबांना ड्युटीवर पोचायला रोज उशीर झाला. बाजारहाट काकाकडून काढून घेतला. पाणी भरायचं काम काढून घेतलं. तो बाहेर निघाला की मी सोबत, खड्डे नसलेल्या गल्लीतून. भिवंडीत अशी गल्ली शोधायची म्हणजे गावाला तीन फेरे. एकदा त्याला गणेशपुरीला गरम कुंडावर नेलं, तेही कामाच्या दिवशी, गर्दी नको म्हणून. घरात त्याला वेगळी खुर्ची, कपबशीत चहा, एक दिवसाआड मटण आणि वडे. आम्ही मागच्या बाजूला बसून बोंबलाचं कालवण खायचो, तर तो दारातून वाकून विचारायचा, "काय हाय त्यात?" काकी पातेल्यावर झाकण ठेवायची. "काय न्हाय. तुमी बसा."

काका बसला. आणि हळूहळू गप्प झाला. काही विचारलं की म्हणायचा, "छान हाय." वीज गेली तरी छान, चहात साखर नसली तरी छान. काकीचा चेहरा उजळत गेला. मला मात्र का कोण जाणे भीती वाटायला लागली. कॉलेजात पहिल्या वर्षी मीही सगळ्यांना असंच 'छान' म्हणायचे. तिथे आपलं काही नाही असं वाटायचं तेव्हा. पण हे काकीला कसं सांगणार?

महिन्याचा शेवटचा रविवार आला. दुपारी जेवणं झाली. आमच्या घरात ज्याचं ताट त्यानेच मोरीत नेऊन ठेवायचं, अगदी बाबांनीही. फक्त पाहुण्याचं ताट जागेवरून उचलतात. काका ताट घेऊन उठला, तशी काकी धावली आणि तिने दुसरी कड धरली.

"सोडा ना."

"माझं ताट हाय."

"मी ठेवते. तुमी बसा."

"किती बसू?"

दोघांच्या हातात एक ताट, त्यात मटणाचा रस्सा हलत होता. बाबा म्हणाले, "अरे, तिकडं एवढा राबलास. हितं जरा आराम कर की."

"दादा, तिकडं माझं ताट मीच धुतो," काका म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटली. "हितं ते हातातून काढून घेता. मना सांग, पाहुना किती दिस राहतो? पाहुन्यानं जायाचंच असतं ना?"

काकीने ताट सोडलं नाही. खाली बघत म्हणाली, "तुमाला हितलं कायच आवडत न्हाय. पयल्या दिसापासून नावं ठेवता."

काका खरंच चकित झाला. "मस्कतला कदी ठेवली न्हाईत मी," तो म्हणाला. "तिथं रस्त्याला खड्डा पडला तं माझं काय जातंय?"

काकीची बोटं सुटली. काका मोरीत गेला. नळाचा आवाज आला, मग भांड्याचा. मग तो आतूनच म्हणाला, "ह्या मोरीचं पानी तुंबतंय. कवापासून?"

"दोन वर्षं झाली असतील," मी भीतभीत म्हणाले.

"दोन वर्षं," काका म्हणाला. "आनि सगले नुसते बघताय."

काकीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आजून सांगा."

काका हात पुसत खोलीत गेला आणि कपाटावरून बॅग ओढल्याचा आवाज आम्ही तिघांनी ऐकला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दोरीची गुंडाळी होती. काकीने दाराची चौकट धरली. काका आमच्यामधून सरळ अंगणात गेला, झोल पडलेली कपड्यांची दोरी त्याने कोयत्याने तोडली आणि मला हाक मारली, "बाय, यं टोक धर. घट्ट." शेवग्यापासून खांबापर्यंत त्याने ती नायलॉनची दोरी अशी ताणली की बोट लावलं तर वाजेल. काकी आत गेली आणि थोड्या वेळाने धुतलेल्या चादरी घेऊन बाहेर आली. त्या सकाळीच वाळल्या होत्या. तिने पुन्हा भिजवून आणल्या होत्या.

काका आता गावाच्याच कडेच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. आमचा भात जिथे होता त्याच जागेवर. घड्याळ त्यानेच पुन्हा दहा मिनिटं पुढे केलं. मोरी दुरुस्त झाली, मग पुन्हा तुंबली, आणि या खेपेला तोही काही बोलला नाही. वडापावच्या गाडीवरची गर्दी, रस्त्याची धूळ, कशालाच तो आता नावं ठेवत नाही. आम्ही हसावं असं काही त्याने कितीतरी दिवसांत केलेलं नाही.

परवा आम्ही दोघं नाक्यावर उतरलो. काकाने एक हात वर केला, दुसऱ्या हाताने फोन कानाला धरला आणि दोन ट्रेलरांच्या मधून, बोलत बोलत, आमच्यासारखाच पलीकडे निघून गेला. मी पण निघणार होते, पण ओल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि मी थांबले. पांढरे पट्टे कुठे होते ते शोधत राहिले. एक रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने विचारलं, "किधर जाना है?" मी समोर बोट दाखवलं. पलीकडून काका हाक मारत होता, "ये ना गो बाय, काय बघतंस एवढं?"