नामिबियाची आमची गाडी कुणी रद्द केली?

मंगळवारी बारामतीत एका ट्रॅव्हल एजंटच्या ऑफिसात माझा आवाज इतका चढला, की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. त्याची मला अजिबात लाज वाटत नाही... हे लिहितानाही कानशिलं तापलेली आहेत.

मी वडगाव निंबाळकरला शिकवण्या घेते. माझी मैत्रीण रेहाना, तिचं इंदापुरात कापडाचं दुकान आहे. दोघी पन्नाशीला टेकलोय. दुकानाचा माल आणायला ती स्वतः व्हॅन चालवत सोलापूरला जाते, आणि सुट्टी असली की मीही जाते. येताना स्टिअरिंग माझ्याकडे.

गेलं वर्षभर आमचा एकच विषय... आफ्रिकेतला नामिबिया. महिनाभर, स्वतः गाडी चालवत, कमीत कमी खर्चात. टपावर तंबू असलेली गाडी घ्यायची, हॉटेल नाही. छोटा कुकर, भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी घरून न्यायची. वाहतूक तिथेही आपल्यासारखी डावीकडूनच चालते, त्यामुळे निम्मी भीती तिथेच संपली होती.

बाकीचं विचारून, वाचून, व्हिडिओ बघून शिकलो. खडीच्या रस्त्यावर टायरमधली हवा थोडी कमी करायची. पेट्रोलपंप दिसला की टाकी फुल. दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचं, कारण अंधारात जनावरं रस्त्यावर येतात. हंगामात दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागून आम्ही गाडी काढतो... आम्हाला त्याचं काय विशेष!

घरी डायनिंग टेबलवर नकाशा पसरला की माझा नवरा शेजारी येऊन बसायचा. "हा टप्पा एका दिवसात जास्त होईल, मध्ये थांबा," असं सांगायचा. मला किती भरून यायचं म्हणून सांगू.

विरोध होता तो माझ्या दिरांचा. ते निरवांगीला शेती बघतात. भरल्या पंगतीत म्हणाले होते, "आफ्रिकेत? दोघी बायामाणसं? वैनी, डोकं ठिकाणावर हाय का?" मी तेव्हापासून त्यांच्याशी नीट बोलत नव्हते.

तर मंगळवारी आम्ही दोघी तिकिटांचं शेवटचं बघायला गेलो. एजंट हसून म्हणाला, "मॅडम, ती गाडी आपण कॅन्सल केली ना? आता आठवडाभराची ग्रुप टूर टाकलीये. बस आहे, गाईड आहे, एकदम सेफ!"

कुणी सांगितलं, विचारलं. तर म्हणे, "घरून फोन होता... जेंट्सचा. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

बुकिंग माझ्या नावावर, सही माझी, पासपोर्ट माझा. आणि पलीकडून पुरुषाचा आवाज आला, एवढ्यावर याने सगळं फिरवलं! मला साधा एक फोन करावासा वाटला नाही. नवऱ्याचं बुकिंग बायकोच्या फोनवर याने कधी रद्द केलं असतं का हो?

तशी गाडी आता आमच्या तारखांना शिल्लक नव्हती. महिनाभर दुकान सांभाळायला रेहानाने भावाला कसं तयार केलं होतं, ते मला माहीत होतं. ती उठली, व्हॅनची किल्ली घेतली आणि म्हणाली, "चल निरवांगीला."

दीर गोठ्याजवळ उभे होते. मी पाण्याला नको म्हटलं आणि सुरू झाले. मनात साठलेलं सगळं काढलं.

मी थांबल्यावर म्हणाले, "वैनी, मी तुमाला तोंडावर नको म्हणलं. आजबी म्हणतो. पण मागनं फोन करायची आपल्याला सवय न्हाय."

"मग केला कुणी?"

ते म्हणाले, "दादानं. आधी मलाच म्हणला व्हता, तू कर. मी सरळ न्हाय म्हणून सांगितलं."

रेहानाने मला व्हॅनमध्ये बसवलं आणि गाडी घराकडे वळवली.

घरी आल्यावर नवऱ्याने नाकारलं नाही. काळजी वाटत होती म्हणाला. "तुला दुखवायचं नव्हतं गं... तुला वाटलं असतं, एजंटनेच घोळ घातला." म्हणजे मी आयुष्यभर त्या एजंटला शिव्या देत बसले असते, आणि हा शेजारी बसून माझी समजूत काढत राहिला असता!

मी म्हटलं, "अहो, 'मला भीती वाटते' एवढं बोलला असतात, तर मी रात्रभर बसून ऐकलं असतं. तुम्ही माझ्याशी वर्षभर नकाशा नकाशा खेळलात."

घरात सध्या मीठ-भाकरीपुरतं बोलणं आहे, आणि माझा राग उतरलेला नाही. उतरावा अशी घाईही नाही.

रेहानाने मात्र दोन दिवसांत दुसरी गाडी शोधली. लहान आहे, टपावर तंबू नाही, आम्ही जमिनीवर तंबू ठोकू. फार खडीचे रस्ते वगळून मार्ग बदललाय. एजंट नाही, मधला फोन नाही... यावेळी बुकिंग आम्ही आमच्या हाताने केलंय.

काल भाऊजींचा फोन आला. "जातायसा म्हणं. माझं मत अजून न्हायच हाय."

त्यांचं मत मला आजही पटत नाही. पण भाऊजी, मला तोंडावर 'नको' म्हणण्याइतकं मोठं माणूस तुम्हीच समजलात... त्याबद्दल मनापासून आभार.