पोटावरून फिरणारा अंगठा

काष्टीच्या बाजारात भीमेचे मासे विकणाऱ्या एक मावशी बसतात. त्यांचं नाव मला ठाऊक नाही. मासा कापण्याआधी त्या त्याच्या पोटावरून अंगठा फिरवतात, 'मादी' किंवा 'नर' असं जाहीर करतात आणि मगच विळीवर धरतात. मादीची गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, गिऱ्हाइकाला मिळत नाही. ती घरच्या गरोदर सुनेसाठी डब्यात जाते. हुज्जत घातली तर मासाच परत टोपलीत पडतो.

परवा त्यांनी 'नर' म्हणून माझ्यासाठी मासा चिरला. आत नराची पांढरी पिशवी होती आणि तिलाच चिकटून पिवळी अंडी.

"सर, तुमी कॉलेजात हेच शिकवता ना? ह्ये काय म्हनायचं?"

मी सांगितलं, की नदीत उतरणारी काही औषधं, फवारे, साबण माशाच्या अंगात जाऊन हार्मोनसारखे वागतात. मग नरातही अंडी धरू शकतात. याही माशाचं तसंच झालं असेल, नक्की सांगता येत नाही.

"बिचाऱ्याचा काय दोष? पान्यात ऱ्हायचं म्हनल्यावर पानी थुकून टाकता येतंय व्हय?"

मग त्यांनी गाभोळीचा डबा उघडला. "सुनंला देऊ का नको?"

हार्मोनवर मी तासभर बोलू शकतो. आता मी माशाचे पैसे मोजू लागलो.

शेजारी नेहमीची कुत्री आशेनं बसली होती. तिच्यापुढे डबा उपडा करायला मावशी वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"ही बी गाभन हाय," म्हणाल्या आणि त्यांनी झाकण लावलं.