बाळूचं गोवऱ्यांचं पोतं

आर्वी सोडताच एसटीत गोवऱ्यांचा वास पसरला. सगळे प्रवासी आमच्याकडे पाहू लागले. मी उभा राहून, राजाची स्वारी निघाल्याच्या थाटात, बाळूच्या पोत्याकडे हात केला.

"काका, पोत्याचंही तिकीट फाडू का?" कंडक्टर म्हणाला.

बाळू माझा बालमित्र, वांगी पिकवतो. पावसाळ्याआधी सावंगीच्या दवाखान्यात त्याच्या छातीचं ऑपरेशन झालं. तेव्हा मंगलावहिनींनी डोंगरावरच्या महादेवाला नवस बोलला होता: हा बरा झाला की स्वतःच्या खांद्यावर गोवऱ्या वर नेईल आणि रोडग्यांचा (निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा) नैवेद्य दाखवेल. डॉक्टरांनी चढायला हो म्हटलं, ओझ्याला नाही. बाळूने पहिलं तेवढं ऐकलं.

फाट्यावर उतरलो. कोवळं ऊन होतं, सागाची वाळकी पानं पायाखाली चरचरत होती. आमच्यातला तिसरा, किराणा दुकानदार वासू, याच्याकडे कणीक आणि वांगी, माझ्याकडे पाणी. पहिल्याच चढाला बाळू पांढराफटक पडला. मग तो डोळे मिटून टेकला की वासू त्याला वांग्यांचा भाव विचारायचा, आणि मी गोवऱ्या हळूच माझ्या पिशवीत सरकवायचो. चोरी मला इतकी झकास जमेल असं वाटलं नव्हतं.

वर पोहोचलो तेव्हा बाळूचा चेहरा फुलला होता.

"अर्ध्या वाटेपासून पोतं हलकं लागून राह्यलं बे! देवानं ताकद वापस देल्ली मले."

त्याने पोतं ओतलं. दोन-चार गोवऱ्या पडल्या. त्याची नजर माझ्या फुगलेल्या पिशवीवर गेली. तयार ठेवलेला विनोद माझ्या तोंडातच राहिला.

"काऊन केलं असं?"

"तुले काही झालं असतं तर?" वासू म्हणाला.

"देव समजून घेईन. मंगलाले काय सांगू?"

त्याने एक गोवरी उचलली, शेवटच्या चढाच्या पायथ्याशी उतरला आणि ती छातीशी धरून सावकाश वर आला. आम्ही उभे राहून पाहत होतो. चूल त्याच गोवरीने पेटवली. मग नैवेद्य दाखवून रोडगे खाल्ले.

संध्याकाळी दारातच वहिनींनी आधी त्याच्या छातीवर तळवा ठेवला. बाळूने खाली मान घालून सगळं सांगितलं.

"मंग या दोघाईले सोबत काऊन धाडलं होतं मी?" त्या म्हणाल्या.

"आणि नवस?" मी विचारलं.

"तो मी बोलली होती, भाऊजी. सोमवारी पोतं मी नेईन. तुमी पाणी धरजा."

आता मला सोमवारची धास्ती आहे. त्या पोत्यातून गोवरी काढायची माझी हिंमत नाही.